पांढरेशुभ्र लंगोट

डॉक्टरांनी लंगोटाची गाठ सोडली, तशी प्रमिलाताईंची चार महिन्यांची नात कळवळून रडली. जांघेतली कातडी लालभडक झाली होती. एका ठिकाणी तर सोललीच होती.

"बघा, त्या डायपरचे प्रताप!" प्रमिलाताई तावातावाने म्हणाल्या. "म्हणून गेल्या आठवड्यातच बंद केले आणि लंगोट सुरू केले."

"मग एव्हाना बरं वाटायला हवं होतं. लंगोट कशात धुता?" डॉक्टरांनी विचारलं.

प्रमिलाताईंनी सोडलेला लंगोट उचलून हातात घेतला. रोज सकाळी त्या स्वतः धुण्याचा सोडा घालून लंगोट उकळायच्या आणि नळ जायच्या आत एकाच पाण्यातून काढून दोरीवर टाकायच्या. ती पांढरीशुभ्र रांग शेजारणींना बोलावून दाखवायच्या.

"सोड्यात," शेजारी उभी असलेली सून म्हणाली. "मीच धुते."

"अहो, सोडा कापडात राहतो आणि पोराची कातडी जाळतो!" डॉक्टर वैतागले. "नुसत्या पाण्याने पुसा, कोरडं करा, थोडा वेळ मोकळंच ठेवा. घरात एवढ्या अनुभवी आजी आहेत, त्यांना विचारायचं तरी!"

"चुकलंच माझं," सून खाली मान घालून म्हणाली.

'ती नाही, मी धुते,' एवढंच प्रमिलाताईंना म्हणायचं होतं. पण त्यांनी हातातला लंगोट घडी करून पिशवीत टाकला.

सुनेने रडणाऱ्या लेकीला अलगद उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "आई, घ्या जरा. तुमच्याकडे लगेच शांत होते ती."

नात खरंच शांत झाली. प्रमिलाताईंना तिच्याकडे बघवेना.