अठराच्या खाली

शॉनाने पाळण्याच्या कठड्याला अडकवलेलं, तापमान नोंदवणारं पांढरं यंत्र सोडवलं, फोनला जोडलं आणि मान हलवली.

"सात दिवसांत सगळ्यात कमी अठरा पूर्णांक सहा. ब्रायनी, ही खोली उबदार आहे गं."

"शक्यच नाही."

"मग काय, यंत्र खोटं बोलतंय?"

शॉना घरमालकाची माणूस. न्यूझीलंडमधल्या डनेडिनच्या या चढावरची त्याची सगळी भाड्याची घरं तीच बघायची. मालकाने लेखी दिलं होतं, बाळाची खोली अठरा अंशांच्या खाली जात असेल तर वायरिंग बदलून पक्का हीटर बसवून देईन. जुन्या वायरिंगवर साधा हीटर लावला तरी फ्यूज उडायचा. मघाशी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या शॉनाच्या तोंडातून वाफ येत होती. इथे मात्र तिने मफलर सैल केला होता.

ब्रायनीने वही पुढे केली. मे महिन्याच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या तोंडच्या पानांवर रोज सकाळचे आकडे होते. बारा, अकरा, तेरा. जूनमध्ये मधली पाच पानं कोरी. ते पाच दिवस टिली हॉस्पिटलात ऑक्सिजनवर होती. सात महिन्यांची पोर. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, खोली गार पडू देऊ नका, परत छाती भरली तर अवघड आहे.

घरी आल्यावर पहिले चार दिवस पुन्हा बारा, बारा, अकरा, तेरा. मग सोळा. आणि त्यानंतर अठरा, एकोणीस, एकोणीस.

"हे बघ, तुझ्याच अक्षरात आहे," शॉना म्हणाली. "तेव्हाच पडदे शिवलेस ना नवे? त्यांचीच कमाल."

"पडद्यांनी सात अंश वाढतात?"

"आईचा जीव गं. तुला पंचवीसमध्येही थंडीच वाजणार."

ती गेल्यावर ब्रायनीने वही पलंगावर आपटली. तिचा नवरा कॅलम कामावर निघाला होता.

"आकडा चांगला आला म्हणून रडणारी तू पहिलीच."

"तो का चांगला आला ते सांग मला. हीटर नाही, ऊन नाही, काही नाही. उद्या तसाच निघून गेला तर कुठे शोधू?"

"उद्याचं उद्या बघू," म्हणत कॅलमने टोपी चढवली.

एकच वाट उरली होती. घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागातल्या भाडेकरूने तक्रारीच्या फॉर्मवर सही केली असती, तर मालकाला दोन्ही भाग तपासावे लागले असते. पण वायरिंग आधीच बदललेल्या त्या भागात मिस्टर टलक राहायचे. वय ऐंशी, एकटे, आणि जिभेला धार. घरात कुणाला म्हणून घेत नसत. ते कुंपणापाशी सापडले. लोकरीची टोपी, दोन स्वेटर, बोटं उघडी राहणारे हातमोजे.

"सही? कशावर?"

"घर थंड आहे यावर."

"थंड?" ते हसले. "पोरी, आमच्या लहानपणी उशाशी ठेवलेल्या पाण्याचा सकाळी बर्फ असायचा. गार वाटलं की अजून एक स्वेटर चढवायचा. हीटर लावून बसणं म्हणजे नाजूक लोकांचे चोचले."

"बाळाला कितवा स्वेटर चढवू, मिस्टर टलक?"

त्यांनी तिच्या कडेवरच्या टिलीकडे पाहिलं.

"हॉस्पिटलातून आणलीत त्या रात्री एकतीस वेळा खोकली ही. मोजलंय मी. भिंत आहे की कागद आहे!"

"तुमची झोप मोडली. माफ करा हं."

"काल दोनदाच. त्यातली एक शिंक होती."

आणि त्यांनी आत जाऊन दार लावून घेतलं.

ब्रायनी धुमसत परतली. पूर्वी पाळण्यामागच्या भिंतीतून त्यांच्या टीव्हीवरचं रग्बी दिवसभर आदळायचं. गेला महिनाभर ते बंद होतं. म्हणजे म्हातारा टीव्ही बंद ठेवून कान लावून बसतो, पोरीचे खोकले मोजतो! मालकाकडे तक्रार करायला आकडे गोळा करत असणार, दुसरं काय.

गुरुवारी शॉनाचं पत्र आलं. 'खोली ठरलेल्या तापमानात आहे. शेजारच्या भाडेकरूचीही थंडीबद्दल काही तक्रार नाही. मागणी निकाली काढली आहे.'

'काही तक्रार नाही' हे शब्द तिने दोनदा वाचले. मग टिलीला ब्लँकेटात गुंडाळलं, फॉर्म घेतला आणि शेजारचं दार ठोठावलं. दार नुसतं लोटलेलं होतं. ती सरळ आत शिरली.

"मिस्टर टलक! आज सहीशिवाय जाणार नाही मी!"

बोळात बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा होता. बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर. टीव्ही फ्रिजवर चढवून ठेवलेला, आवाज अगदी बारीक. त्यासमोर मिस्टर टलक ब्लँकेट पांघरून, टोपी कानांवर ओढून बसले होते. त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती.

"हे काय! तुम्ही स्वतः कुडकुडताय," ब्रायनीचा आवाज चढला. "मग सही करायला काय जातं तुमचं?"

"कुणी आत बोलावलं तुला? जा घरी. पोरीला गार लागेल."

"सही करा, जाते."

ते धडपडत उठले. ब्रायनी एक पाऊल मागे सरली आणि तिचा पाय कशात तरी अडकला. बाजूच्या खोलीच्या बंद दाराखाली फटीत टॉवेल गुंडाळून कोंबला होता. तोल सावरायला तिने दारावर हात टेकला. दार कोमट होतं.

"ते उघडू नको!" मिस्टर टलक ओरडले. "पोरी, ऊब जाईल!"

तिने दार ढकललं. खोलीत खुर्ची नव्हती, टेबल नव्हतं, माणूस बसेल असं काहीच नव्हतं. तीन हीटर होते, ओळीने, टिलीच्या पाळण्यामागच्या भिंतीला जवळजवळ चिकटवून, तिन्हींची तोंडं भिंतीकडे.