बातमीदार सगुणाबाई

"बघितली का त्यानं?" धर्मराजांनी चौथ्यांदा विचारलं.

फरहानानं मोबाइल पाहिला. "न्हाई काका. आजून न्हाई."

ओसरीवर सगुणाबाईंना निजवलं होतं. त्या पहाटेच गेल्या. दोन वर्षांपूर्वी बापाशी, धर्मराजांशी, भांडून पुण्याला गेलेल्या त्यांच्या मुलाचा, रामप्रसादचा, नवा नंबर कुणाकडेच नव्हता. त्याच्यापर्यंत पोचायची वाट एकच, फरहानाची वेबसाइट, 'खबर हसनाबादची'.

पेपरवाल्यांना हसनाबाद आठवायचं ते निवडणुकीत. म्हणून गावकरीच फोटो पाठवायचे, फरहाना दोघांकडून खात्री करून टाकायची. नाली तुंबली, विजेची डीपी जळाली, एसटी आलीच नाही. खालच्या प्रतिक्रियाही तिनं सोडल्याशिवाय दिसायच्या नाहीत. गावात भांडणं काही कमी नव्हती. बाहेरगावी गेलेली पोरं हे सगळं रोज वाचायची. रामप्रसाद तर प्रत्येक बातमीखाली दोन शब्द लिहायचाच.

हे कळल्यापासून सगुणाबाई गावातल्या सगळ्यांत कामसू बातमीदार झाल्या. हापशाचा दांडा मोडला तरी फोटो घेऊन हजर. खाली नाव पाहिजेच, 'बातमी: सगुणाबाई'. मग दुपारी येऊन विचारायच्या, काय लिहिलं त्यानं? फरहाना वाचून दाखवायची, 'लवकर दुरुस्त करा.' एवढ्यावर म्हातारी त्या दिवशी अर्धी भाकरी जास्त खायची. वेडी माया, दुसरं काय.

आज सकाळी साडेसहाला फरहानानं त्यांचीच बातमी टाकली, फोटोसकट. पुण्याहून यायला सात-आठ तास. दुपार टळली. जाणती माणसं दिवस मावळायच्या आत उचलावं म्हणू लागली, पण धर्मराज हटेनात. पोराच्याच हातून अग्नी द्यायचा होता. शेवटी ते फरहानाजवळ येऊन बसले.

"खरं सांग पोरी. वाचून बी आला न्हाई, असं तर न्हाई ना?"

"बिलकुल न्हाई, काका. दिसली असती तर पळत आला असता."

धर्मराजांनी डोळे पुसले. पोरगं बेखबर आहे, निर्दयी नाही, एवढाच काय तो आधार.

"मंग उचला," ते म्हणाले.

माणसं निघून गेली. रिकाम्या ओसरीवर फरहाना हमसून हमसून रडली. मग तिनं मोबाइल उघडला आणि सकाळी सातलाच आलेली, दिवसभर अडवून धरलेली पहिली प्रतिक्रिया पुसून टाकली: 'रामप्रसाद: सगुणाबाईंना भावपूर्ण श्रद्धांजली.'