बिनअंगठ्याची वानरं

पावणे गावच्या टेकडीवर सरकारी कारकून नंदकिशोरने तेवीस वानरं मोजली. छे, मोजलीच नाहीत; पंचनाम्यावर गावातल्या पंचाचा अंगठा नसेल तर सरकारदरबारी वानर जन्मालाच येत नाही. सोमवारी खाणवाले टेकडीला सुरुंग लावणार होते आणि ही मोजणीच त्यांना थांबवू शकत होती. म्हणून शाईचा पॅड पुढे धरून तो पंच बयाबाईच्या ओटीवर तासभर चुळबुळत होता. "आजी, एक अंगठा द्या, वानरं वाचतील." म्हातारीने अंगठा मुठीत लपवला. "शेतां मोजलीस, सरकारात गेली. मिठागरां मोजलीस, गेली. आता वांदरां पन मोजून देऊ? एक पन वांदर नाय टेकरीवर!" कौलांवर बसलेली चार वानरं हे निमूट ऐकत होती. नंदकिशोरने सुकलेला पॅड मिटला, वानरांच्या रकान्यात शून्य भरलं आणि शेरा लिहिला: "सबब, गावाचा विश्वास बसेपर्यंत सुरुंगांनी कृपया वाट पाहावी, ही विनंती."