आकडा गेलेला व्हॉल्व्ह

आकारामने रेडिओच्या व्हॉल्व्हच्या काचेवर तोंडाची वाफ सोडली. काच धुरकट झाली, पुन्हा निवळली. आकडा काही उमटला नाही.

व्हॉल्व्ह लढाईतला होता. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेलं सामान सांगलीच्या बाजारात आलं, त्यातून त्याने टोपलीभर व्हॉल्व्ह आणले होते. बहुतेकांवरची अक्षरं पुसून गेली होती. सहा व्होल्टचा आणि बारा व्होल्टचा, दोन्ही दिसायला एकसारखे. बाराच्या जागी सहाचा बसला की आतली तार जळते. माधवनगरच्या गिरणीतल्या जैनुद्दीनचा रेडिओ त्यापायी उघडा पडून होता.

वाफेनं भागलं नाही की एक उपाय उरतो. तेल लावलेल्या केसांवरून काच हलकेच फिरवायची आणि उजेडात तिरपी धरायची. गेलेला आकडा दिसतो. सवयीने आकारामने आतल्या दाराकडे पाहिलं. हाक मारायला तोंडही उघडलं, आणि मिटलं.

त्याची बायको शालूबाई असताना हाक ऐकली की हातातलं काम टाकून यायची. आई दारातच डाळ निवडत बसलेली असायची. थोरल्यांच्या देखत दिवसा बायकोशी बोलायची त्या घरात पद्धत नव्हती. पण रेडिओचं काम म्हटल्यावर आई अडवत नसे, तोंड तेवढं फिरवून घेई. शालूबाई पदर मागे सारून त्याच्याकडे पाठ करून बसायची. तो तिच्या केसांवरून काच फिरवायचा. कधी लवकर आकडा दिसायचा, कधी फार वेळ लागायचा. "माझं टक्कल पाडून मग थांबणार जणू," असं ती आईला ऐकू जाणार नाही इतकं हळू म्हणायची.

तापाने ती गेली. मूलबाळ नव्हतं, म्हणून अग्नी त्यानेच दिला आणि दहाव्याला केसही त्यानेच उतरवले. आता डोक्यावर नुसते खुंट होते.

"काय अडलंय रं?" अंबूबाईनं विचारलं. त्याची ही थोरली बहीण तेराव्याला पलूसहून आली होती आणि एक गोष्ट मनात धरून मागे राहिली होती. पलूसची एक मुलगी तिने हेरून ठेवली होती. आई थकली, चूल कोण बघणार, तुझं वय काय, हे सगळं तिचं सांगून झालं होतं. मुलीकडचे लोक वाट बघत होते. आज संध्याकाळच्या मोटारीने ती निघणार होती, आणि जाताना होकार घेऊनच जायचा असा तिचा निश्चय होता. आकाराम हो म्हणाला नव्हता, नाहीही म्हणाला नव्हता.

काय अडलंय ते त्याने दोन शब्दांत सांगितलं. अंबूबाई सरळ त्याच्यासमोर येऊन बसली. सकाळीच तिने डोक्याला तेल घातलं होतं.

"घे, माझ्या डोस्क्यावर घास."

आकारामने घासला. खिडकीच्या उजेडात काच तिरपी धरली. पुसट, पण स्वच्छ वाचता येईल असा आकडा दिसला. बाराचा होता, हवा तोच. त्याने तो जागेवर बसवला. आतली तार हळूहळू लाल झाली, खरखर आली आणि मग कुणीतरी बातम्या सांगू लागलं. दारातून आईने मान वर करून पाहिलं.

अंबूबाईनं पदर सारखा केला. तिला हवी ती वाट सापडली होती.

"बघितलंस? कुनाचंबी केस चालत्यात, आकाराम. उगं अडून बसू नगंस. पावण्यास्नी काय सांगू?"

आकारामने रेडिओ बंद केला. आतली तार हळूहळू काळी पडली.

"चालत्यात, आक्का," तो म्हणाला. "माझंबी चालत हुतं. ती हुती तवा माझ्याबी डोस्क्यावर केस हुतं, रोज तेल लावायचो. तरी तिलाच हाक मारायचो."