तिळाएवढा स्क्रू

घड्याळजींचा हात थरथरला आणि चिमट्यातला तिळाएवढा स्क्रू तिसऱ्यांदा जमिनीवर पडला. समोर सत्तर वर्षांपूर्वीचं सोन्याचं मनगटी घड्याळ पोट उघडून पडलं होतं. महिनाभर खपून त्यांनी ते लख्ख केलं होतं. एवढा स्क्रूच राहिला होता. “हात गेले माझे,” ते बायकोला म्हणाले. “जमवलेली सगळी घड्याळं देऊन टाकतो.” चाळीस वर्षं कपडे शिवणारी ती या घड्याळांना सवती म्हणायची. तिने मशीन थांबवलं. स्क्रू हुडकून, नवऱ्याला उठवून ती भिंग लावून खुर्चीत बसली. “कुठे बसवू?” “डावीकडे. अगं, जपून! हं, आता हलकेच फिरव.” तिचा हात जराही हलला नाही. त्यांनी चावी देताच घड्याळ टिकटिकू लागलं. “काय गोड आवाज आहे मेलीचा!” ती हसली. घड्याळजींनी पुढचं बंद घड्याळ तिच्यापुढे ठेवलं आणि शेजारी स्टूल ओढलं.