पंख उघडलेला फोटो

पोशा नाखव्याच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. वादळ ओसरलं आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या त्याच्या होडीवर एक पक्षी येऊन बसला. बदकाहून मोठा, पांढराशुभ्र, चोचीभोवती काळा मुखवटा. पन्नास वर्षांत नाखव्यानं असला पक्षी पाहिला नव्हता.

वादळानं आणलेला पक्षी आपणहून उडेपर्यंत होडी पाण्यात लोटायची नाही, ही घरची रीत. नारळी पौर्णिमा झाली, सगळ्यांच्या होड्या गेल्या, याची जागेवरच. शेजाऱ्यांकडची मांदेली आणून तो पक्ष्याला घाली. बायको म्हणे, "पाहुणा जेवतोय, घरधनी उपाशी!"

कौतुकानं त्यानं शाळेच्या मास्तरांना सांगितलं, तिथंच चुकलं. मास्तरांनी शहरात कळवलं आणि दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, कॅमेरेवाल्यांच्या आठ गाड्या आल्या.

"काका, जरा उडवा ना त्याला. पंख उघडलेला फोटो पाहिजे."

"दमलाय तो. दमलेल्या बापाला असंच उठवता काय रे?"

सगळे हसले. नाखवा वल्हं उगारून होडीपुढं उभा राहिला, तर मागून कुणीतरी खडा मारला. पक्षी उडाला, वाळूत पडला. त्याला पुन्हा उडवलं. संध्याकाळपर्यंत हेच.

रविवारी पेपरात फोटो आला, 'दुर्मीळ पाहुण्याचं मनोहारी दर्शन'. चहावाल्यानं तो हौसेनं भिंतीला चिकटवला. नाखव्यानं चुलीतला कोळसा उचलला आणि फोटोखाली भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं :

"उडवून उडवून मारलात. हा पक्षी शुक्रवारी दुपारी, भरतीच्या वेळी मेला."