साडेसातची हजेरी

"गेमवाले पुन्हा महिन्याचा भाव वाढवला म्हणून राहिले," मोबाईलवरचा मेसेज वाचत मोहनसिंग म्हणाला आणि जोडे काढायला ओसरीवर टेकला.

"मंग बंद करा ना," भिकाबाई चुलीपुढून म्हणाली. "चारशे खेळ हायत म्हणता त्याच्यात. एक तरी खेळले का तुमी? दोन महिन्यांच्या पैशात येष्टीनं जाऊन पोराला डोळ्यांनं पाहून येता येतं."

मोहनसिंगनं जोडे काढून बाजूला ठेवले. जवळा बाजार ते हिंगोली अशी दिवसभर काळी-पिवळी हाकून त्याच्या कमरेचा भुगा झाला होता, आणि हा वाद तर दर महिन्याला ठरलेलाच. बायकोचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्याला रोज नवा खेळ लागतो त्याला असं महिनेवारी भरणं स्वस्त पडतं, एकेक खेळ विकत घेणं परवडत नाही. पण पन्नाशी उलटलेल्या जीपवाल्याला चारशे खेळ घेऊन करायचं काय?

टीव्हीखालचा तो खेळांचा कन्सोल देविदासचा, त्यांच्या एकुलत्या एका पोराचा. घरात त्याला डबाच म्हणत. मागच्या होळीला बापलेकांचं वाजलं. "ह्या डब्यानं तुझं वाटोळं केलं," असं मोहनसिंग चार माणसांत बोलून गेला, आणि पोरगं डबा तिथंच टाकून चाकणला कंपनीत निघून गेलं. तिथं पहिल्या पगारात त्यानं नवा डबा घेतला. खातं मात्र जुनंच ठेवलं. त्याचे पैसे बापाच्या बँकेतून कटत राहिले.

बापाशी त्यानं बोलणं टाकलं होतं. आईशी बोलायचा, तेही पंधरा दिवसांतून एकदा, दोन शब्द.

एका संध्याकाळी मोहनसिंगनं सहज डबा सुरू केला, तर पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. तिचा फोटो काढून त्यानं जवळा बाजारच्या मोबाईलवाल्या उत्तमसिंगला दाखवला.

"तुमचं खातं दुसऱ्या डब्यावर चालू हाय, म्हणून इथं चालत न्हाई," उत्तमसिंग म्हणाला. "पोरगंच खेळत असंल. दुसरं कोण?"

तेव्हापासून ती ओळ मोहनसिंगच्या ओळखीची झाली. रोज साडेसातला तो डबा सुरू करायचा. ओळ आली, म्हणजे पोरगं ड्युटीवरून खोलीवर आलं, हातीपायी धड आहे. मग डबा बंद करून तो निवांत जेवायला बसे. ओळ आली नाही, तर भाकरी घशाखाली उतरत नसे. एवढ्या पैशात एवढं समाधान आणखी कुठं मिळतं, हे कुणी त्याला दाखवून द्यावं.

पोराला मूळचं वेड क्रिकेटचं. दसऱ्यानंतर मात्र शेवटी खेळलेला खेळ म्हणून पडद्यावर गाड्यांच्या शर्यतीच दिसायला लागल्या. बापाचा धंदा आठवत असेल लेकराला, असं मोहनसिंगला वाटलं. त्या दिवशी त्यानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पौषात देविदासचा फोन बंद लागायला लागला. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस.

"माझं मन मानून न्हाई राहिलं," भिकाबाई म्हणाली. पाचव्या दिवशी तिनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पिशवीत भरली आणि एकटीच फाट्यावर जाऊन उभी राहिली. मोहनसिंगनं जीप नेऊन तिला परत आणलं आणि टीव्हीपुढं बसवलं. साडेसात वाजले. ओळ आली.

"पाह्य," तो म्हणाला. "मजेत खेळून राहिलं तुझं पोरगं. आपल्याला तकलीफ द्यायची म्हणून फोन बंद ठेवला."

तिनं पिशवी रिकामी केली. फोन बारा दिवस बंद होता आणि बाराही दिवस ओळ आली. मग देविदासचा फोन आला. पाण्यात पडला होता म्हणे.

आणि आता होळीला तो स्वतः आला. होळीला त्यांच्या बंजारा तांड्याची बाहेरगावची सगळी पोरं येतात, पण हा येईल असं मोहनसिंगला वाटलं नव्हतं. पोरगं वाळलं होतं. डावा पाय लांब करून ते ओसरीवर बसलं.

"पायाला काय झालं?" भिकाबाईनं विचारलं.

"बूट चावला, याडी," तो आईला म्हणाला.

मोहनसिंग त्याच्याजवळ टेकला. मोहनसिंगला वर्षभराचं सगळं बोलायचं होतं आणि एक शब्द सुचत नव्हता. साडेसात झाले तसा तो उठला.

"देवा," तो म्हणाला, "ते क्रिकेट लाव. मला शिकव."

माफी मागायची याहून वेगळी रीत त्याला येत नव्हती. पोराला ती कळली. ते हसलं, भिंतीला धरून उठलं, आत आलं आणि त्यानं डबा सुरू केला.

ओळ आली.

मोहनसिंगनं पडद्याकडं पाहिलं. मग शेजारी बसलेल्या पोराकडं पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडं.

"अजून माझ्याच खात्यावर खेळून राहिला का तो," देविदास म्हणाला.

"कोण?"

"कंपनीतला एक जण. दसऱ्यालाच विकला बा मी त्याला माझा डबा. खातं काढून टाक म्हणलो होतो."

चुलीजवळ भाकरी थापायचा आवाज थांबला. भिकाबाई पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही.

"मंग पौषात," ती म्हणाली, "ते बारा रोज तू कुठं होता?"

देविदास खाली वाकला. त्यानं डाव्या पायाची पँट हळूहळू वर घेतली. टाक्यांचे वण घोट्यापासून पार गुडघ्याच्या वर गेले होते.